चुगलखोर ब्राउझरची परीक्षा

आमच्या सुजाताचा संसार पाच दिवस मोडलेला होता, आणि तो मी मोडला होता. जावयांनी नव्हे. खरं तर एवढं लिहून थांबता येईल. पण सहा वर्षं दाबून ठेवलेलं दोन वाक्यांत बाहेर येत नाही.

मी दूध संघात एकतीस वर्षं दुधाचे नमुने तपासले. अशा माणसाचा गवळ्यावर विश्वास नसतो, किटलीवर नसतो, आणि खरं सांगायचं तर म्हशीवरही नसतो. (आजही मी दूधकट्ट्यावर म्हैस उभी करून डोळ्यांसमोर धार काढलेलंच दूध पितो, आणि तेव्हाही आधी पेल्याच्या बुडाशी बघून घेतो!)

त्या दिवाळीत सुजाता आणि आमचे जावई मिलिंदराव गारगोटीहून आले होते. माझा लॅपटॉप इतका थकला होता, की बटण दाबून मी चहा पिऊन यायचो. मिलिंदरावांनी दोन दिवस खपून त्यात एक हलकी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. लॅपटॉप चक्क पळायला लागला. मला तिथंच संशय आला. फुकटचं, आणि वर पळतंयसुद्धा?

"मामा, इंटरनेट बघायला ह्यात तीन ब्राउझर टाकल्यात," मिलिंदराव म्हणाले. "एक कायमचा ठरवा. कुठल्याबी लिंकवर क्लिक केलं की त्योच उघडंल."

"ह्यातला चुगलखोर कुठला?"

"म्हंजे वो?"

"आपण काय बघतो ते जाहिरातवाल्यांना जाऊन सांगणारा!"

"थोडंफार समदंच सांगत्यात की, मामा."

समदंच! हे उत्तर मी एकतीस वर्षं प्रत्येक गवळ्याकडून ऐकलं होतं. जावई शाहूपुरीत मित्राकडे गेले, आणि मी नमुने घ्यायला बसलो.

युक्ती साधी होती. तिन्ही ब्राउझरना तीन वेगवेगळ्या थापा मारायच्या. जी थाप जाहिरात होऊन परत येईल, तिचा ब्राउझर फितूर! निळ्या चिन्हाच्या ब्राउझरमध्ये मी गुडघेदुखीचं तेल शोधलं. तांबड्यात म्हशीची पेंड. हिरव्यासाठी असा विषय हवा होता, जो आमच्या घरात कधी निघालाच नाही, म्हणजे पुरावा पक्का. म्हणून शोधलं : घटस्फोटाचा वकील.

निळ्यानं तासाभरात गुडघ्याचे पट्टे दाखवले. नापास! तांबड्यानं संध्याकाळपर्यंत पेंडीची पोती आणून ओतली. नापास! हिरवा मात्र दोन दिवस तोंड मिटून बसला. मी त्याला शुद्ध ठरवला आणि कायमचा नेमून टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीनं मेलवर पाठवलेली चकलीची कृती बघायला सुजातानं लिंकवर क्लिक केलं. हिरवा उघडला. भाजणी आणि मोहन यांच्या मधोमध ठळक अक्षरांत झळकलं, 'घटस्फोट हवाय? बायकोला न कळता सल्ला मिळवा!'

"हे काय वो?" सुजातानं नवऱ्याला विचारलं.

"जाहिरात हाय की."

"जाहिरात काय वाऱ्यावर येतीया? माणूस शोधतंय तेच येतंय, तुमीच सांगितलंय मला! दोन दिवस लॅपटॉपला कवटाळून कोण बसलं हुतं?"

स्वयंपाकघरातून आमची ही तेलाचा झारा घेऊनच बाहेर आली. "कोण हाय ती?" हिनं थेट पुढचाच प्रश्न टाकला.

"मामी, कोण न्हाय वो! आईशप्पत!"

"आबा," सुजाता माझ्याकडं वळली, "तुमी तर न्हाय ना काय शोधलं?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण झाऱ्यातून तेल ठिबकत होतं.

"मी? मला माऊसबी धड धरता येत न्हाय, पोरी!"

मिलिंदरावांनी लॅपटॉप ओढून घेतला, कुठं तरी दोन क्लिक केले, पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "माझ्याच हातनं कायतर दाबलं असंल," एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि एकटेच गारगोटीला गेले.

पाच दिवस सुजाता माहेरी बसून होती. चकल्या कुणी खाईना. सहाव्या दिवशी मिलिंदराव आले, तिच्यापुढं उगीचच कान धरले, आणि तिला घेऊन गेले. संसार जुळला, पण बिचाऱ्यांना नाव चिकटलं ते चिकटलंच. सहा वर्षं आमच्या प्रत्येक लग्नात पाहुणे हाक मारतात, "या वकीलसाहेब!" आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसतो.

गेल्या महिन्यात एका लग्नात पुन्हा तीच हाक आली, आणि मी हसलो नाही. जावयांना बाजूला घेऊन सगळं कबूल केलं.

"मला तवाच म्हाईत हुतं, मामा. काय काय शोधलं त्याची यादी असतीया आत. गुडघं, पेंड, वकील. पेंड कोण शोधणार आमच्यात?"

"मग बोलला का न्हाईसा?"

"सुजातानं मला चार दिवसांत माफ केलंच असतं. मामींनी तुमास्नी केलं असतं व्हय?"

सगळ्या घरात चुगली न करणारा एकच निघाला, आणि त्याचा नमुना मी घेतलाच नव्हता!

म्हणून हे सगळं नावानिशी लिहितोय. छापून आल्यावर ही वाचेलच. तेव्हा खबरदारी म्हणून काल गारगोटीत भाड्याची खोली शोधून ठेवली. शोधली हिरव्यातच. आज सकाळी ही लॅपटॉपवर भाजीची कृती बघत होती, आणि तिथूनच ओरडली, "अवो, गारगोटीतल्या खोल्या कुणाला पायजेत?"

सवयीनं माझ्या तोंडून जावईबापूंचं नाव गेलं.