भिंतीला आवळून बांधलेला तवा

रविवारी भाचीने व्हाइटफील्डहून एक फोटो पाठवला. तिच्या नवऱ्याने एअरगन आणलीय आणि गच्चीच्या भिंतीवर नेमासाठी लोखंडी प्लेट स्क्रूने पक्की बसवलीय... खाली लिहिलंय, 'आत्या, बघ, अजिबात हलत नाही!' मी लगेच फोन करून ती प्लेट उतरवायला लावली. तिने कारण विचारलं, ते इथेच लिहिते.

साठच्या दशकाची सुरुवात. जयनगरात आम्ही नवीनच राहायला आलो होतो, घराच्या तिन्ही बाजूंना रिकामे प्लॉट. वडील, म्हणजे अप्पा, कारखान्यात टर्नर, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स घेऊन.

थोरला भाऊ अण्णा पायलटच्या ट्रेनिंगसाठी निवडला गेला होता. फक्त मेडिकल राहिली होती, दसऱ्यानंतर आठ दिवसांनी. त्यात डोळे फार कडक तपासतात, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पूजेत बसत. अप्पांचे हातोडे, आईचं शिलाई मशीन, माझी पुस्तकं, अण्णाची एअरगन... त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी पूजा उतरली की प्रत्येकाने आपापल्या वस्तूने एक काम करायचं. आई एक शिवण मारायची, मी एक पान वाचायची, अण्णा एक छर्रा झाडायचा. तो चुकला तर वर्ष वाईट जाणार, असं आईचं ठाम मत.

निशाण म्हणजे डोशाचा जुना बिडाचा तवा, आम्ही कावली म्हणतो तो. वापरून वापरून मधे चांगलाच खोलगट झालेला. एरवी तो पेरूच्या झाडाला दोरीने टांगलेला असे आणि अण्णा वीस पावलांवरून नेम धरायचा.

पण तवा वाऱ्याने हलायचा, आणि छर्रा लागला की नाही यावरून दरवर्षी वाद. मला असला गोंधळ खपत नसे. त्या सकाळी मी स्वतः तवा कंपाउंडच्या भिंतीला तारेने आवळून बांधला. वर हळदकुंकूही लावलं.

अण्णा वीस पावलांवर उभा राहिला तशी आई पायरीवरून म्हणाली, "मेडिकल आहे रे तुझी... स्वल्प जवळ ये. आज चुकायला नको."

"अजून जवळ गेलो तर हातानेच लावून येतो की!" अण्णा म्हणाला. पण गेला. सहा पावलांवर.

टण्णकन आवाज झाला आणि अण्णाने बंदूक टाकून डावा डोळा दोन्ही हातांनी धरला. बोटांतून रक्त येत होतं.

छर्रा उलटून भुवईला लागला होता. दोन टाके पडले. डोळ्याला आत काही झालंय का, ते सूज उतरेपर्यंत सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत डोळा पूर्ण मिटला... मेडिकलचा शब्द घरात कुणी काढेना.

अप्पा तवा मांडीवर घेऊन बसले होते. एका कडेवरून बोट खळग्यात न्यायचे, दुसऱ्या कडेवरून वर काढायचे... पुन्हा तेच. मला वेगळं समजवायची गरज नव्हती. छर्ऱ्याचं शिसं खळग्यातून घसरत मागे फिरलं होतं. तवा टांगलेला असता तर थोडा धक्का त्यानेच खाल्ला असता, आणि सहा पावलांत छर्ऱ्याचा जोर कमी व्हायला जागाच नव्हती. अंतर्गोल आरशाचं प्रॅक्टिकल मी त्याच टर्मला केलं होतं.

"बांधला कुणी?" अप्पांनी विचारलं.

"मी."

आतून अण्णा ओरडला, "मीच सांगितलं होतं तिला, बांध म्हणून!"

अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "सरी, ठीक आहे. दोघंही शिकलेली," एवढंच म्हणाले.

पुढच्या तीन दिवसांत त्यांनी नवं निशाण केलं. जाड, सपाट पोलादी पत्रा, साखळीने टांगलेला, वरची कड पुढे झुकलेली, म्हणजे छर्रा जमिनीकडे जाईल. वीस पावलांवर चुन्याची रेघ. आणि बंदूक धरणाऱ्याने तर हवाच, पण शेजारी उभं राहून बघणाऱ्यानेही ग्राइंडिंगचा गॉगल घालायचा. खड्डा पडलेलं लोखंड त्यांनी पुन्हा कधी टांगू दिलं नाही.

पाचव्या दिवशी डोळा उघडला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला कॅलेंडर धरून उभी राहिले. अण्णाने उजवा डोळा झाकला आणि बारीक अक्षरं वाचली, "आज कोजागिरी... आणि मास्तरीणबाई रडतायत."

मी रडत नव्हते.

मेडिकल पास झाली. निवृत्त होईपर्यंत त्याने विमानं चालवली. डाव्या भुवईत अजून एक फट आहे, तिथे केस उगवत नाहीत.

भाची, प्लेट साखळीला टांग, पुढे झुकव, लांब उभे राहा आणि दोघांनीही गॉगल घाला. आणि तुझे बाबा, म्हणजे हाच अण्णा, आता तुला सांगतील ती गोष्ट खोटी आहे. तवा बांधायला मला कुणीही सांगितलं नव्हतं, ती अक्कल माझी. साठ वर्षं तो, जो कुणी विचारेल त्याला, स्वतःचंच नाव सांगत आला, आणि मी ऐकून घेत आले... अण्णा, कमेंटमध्ये येऊन पुन्हा तेच लिहू नकोस.