उणे दोन

माझा क्लब नांदेडला वजिराबादेत, एका कापड दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर आहे. क्लब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं. इथे दारू नाही, नाच नाही. चाळीस खुर्च्या आहेत, भिंतीवर मोठा टीव्ही, चार माईक आणि जुन्या सिनेमांच्या गाण्यांचे ट्रॅक. ट्रॅक म्हणजे गाण्यातला आवाज काढून ठेवलेलं नुसतं संगीत. टीव्हीवर शब्द दिसतात आणि समोर उभा राहणारा ते गातो. येणाऱ्यांत बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, नोकरी संपलेले किंवा संपत आलेले. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, रविवारी सकाळी दहा ते एक.

भिंतीवर नियमांची पाटी आहे, ती मीच लिहिली आहे. गाणं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. चिठ्ठ्या आल्या त्या क्रमानेच नंबर लागेल. एका वेळी दोन गाणी. फोनवर बोलायचं असेल तर जिन्यात जावं. पाचवा नियम महत्त्वाचा: पट्टी खाली-वर हवी असेल तर तसं चिठ्ठीवर लिहावं. संगणकावर ट्रॅकची पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने बदलता येते. उणे एक म्हणजे अर्धा स्वर खाली, उणे दोन म्हणजे पूर्ण एक स्वर खाली. मूळ गायिकेचा आवाज सगळ्यांना कुठून असणार? त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण लिहून द्यावं, असं माझं म्हणणं.

ती पहिल्यांदा आली तो रविवार होता. अकरा वाजून गेले होते. तिने माझ्या टेबलावर पाच चिठ्ठ्या ठेवल्या. मी दोन घेतल्या आणि तीन परत केल्या.

"पाटी वाचली का?"

"वाचली ना. मला वाटलं, पाटी बाकीच्यांसाठी असंल."

ती हसत तिसऱ्या रांगेत जाऊन बसली आणि पाच मिनिटांत शेजारच्या दोन्ही बाजूंच्या लोकांची गावं, मुलं आणि शुगरचे आकडे तिला माहीत झाले. ती मूळची लातूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आधी उमरीला होती, मग मुदखेडला आली. नांदेडला भाड्याने राहून रोज रेल्वेने जाऊन-येऊन करायची. नवऱ्यापासून फारकत होऊन बरीच वर्षं झाली होती. हे मला आमच्या टेलर चाचांनी सांगितलं. चाचा इथले पहिले सभासद. शिवणकाम आता मुलगा बघतो, चाचा गातात.

तिचं पहिलं गाणं चांगलं सुरू झालं आणि अंतऱ्यात वर जाताना आवाज फाटला. दुसरा कुणी असता तर माईक ठेवून खाली बसला असता. ही माईकवरच हसली आणि म्हणाली, "इथून पुढं रस्ता खराब हाय, सगळ्यांनी उतरून धक्का द्या." चाळीसपैकी सव्वीस खुर्च्या भरलेल्या होत्या. सव्वीसच्या सव्वीस माणसं गायली. माझ्या क्लबात असं कधी झालं नव्हतं. मला ते आवडलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

ती दर रविवारी यायला लागली, मधल्या वारीही एखाद्या संध्याकाळी. ते गाणं मात्र तिने परत घेतलं नाही. ते तिचं आवडतं आहे, हे मला कळलं होतं. जिना चढताना ती तेच गुणगुणत यायची, आणि अंतऱ्यातल्या वरच्या सुरांशी आली की गप्प व्हायची. चौथ्या का पाचव्या रविवारी मी म्हणालो, "मॅडम, ते पहिल्या दिवसाचं गाणं राहिलंय तुमचं."

"नको बाबा. माझा गळा तिथं जात न्हाई."

"एकदा बघा."

मी ट्रॅक दोनने खाली केला. चिठ्ठीवर तिने काही लिहिलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. अंतरा आला, ती डोळे मिटून वर गेली आणि पोचली. डोळे उघडून तिने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो चेहरा मला अजून दिसतो. माईकवर ती म्हणाली, "ऐकलं का हो? मूळ पट्टीत गायले मी!"

सांगायची वेळ तीच होती. मी संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिलो आणि पुढची चिठ्ठी पुकारली.

त्यानंतर मी तिच्या गाण्यांचा वेगळा फोल्डर केला. गाणं तिच्या गळ्यात कुठे अडकतं हे ऐकायचं आणि दुपारी क्लब बंद असताना एक किंवा दोनने खाली आणून ठेवायचं. चौदा महिने हे चाललं. माझी बायको जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. घरी मी आणि आई. आई एकदा म्हणाली, "भर दुपारी कुठं निगाला रे, शर्टाला इस्त्री करून?" मी म्हणालो, मशीनचं काम आहे. ती म्हणाली, "मशीनला काय करायची इस्त्री?"

ती मला मालक म्हणायची. "मालक, हसायसाठी पण चिठ्ठी टाकावी लागती का?" असं सगळ्यांसमोर विचारायची. मी म्हणायचो, "टाका, नंबर येईल." लोक हसायचे. चार माईकपैकी तिसऱ्यात तिचा आवाज मोकळा लागायचा, म्हणून त्याला निळी पट्टी चिकटवून मी तो तिच्यासाठी बाजूला ठेवायला लागलो. तिने गाण्यांची जुनी, खाडाखोड झालेली यादी फळ्यावरच्या अक्षरात नव्याने लिहून दिली, बाराशे सत्तर गाणी. एकदा जिन्यात चहा पिताना तिने विचारलं, "वहिनी गायच्या का हो?"

"नाही. ऐकायची."

"आणि तुम्ही?"

"मी ट्रॅक लावतो."

एवढंच बोलणं झालं. पण नंतर ती मला आग्रह करायला लागली, मालकांनी एक तरी गाणं म्हणावं. मी प्रत्येक वेळी नाही म्हणालो.

पंचाईत व्हायची ती चाचांची. युगुलगीत असलं की ती चाचांना बरोबर घ्यायची. बाईची पट्टी खाली आणली की पुरुषाचा भागही तितकाच खाली जातो. आधीच खालच्या ओळी असतील तर तो बिचारा नुसता घोगरा आवाज काढत बसतो. चाचा गाणं झाल्यावर माझ्या टेबलाशी यायचे.

"काय हो सेठ, मेरा गला रोज बावडी में, खोल विहिरीत काय को उतार रहे?"

"वयाने होतं, चाचा."

"वय मेरा हर दिन है. ये सिर्फ मॅडम के साथ काय को होता?"

मी डोळे वटारले. चाचांनी मिशीवरून हात फिरवला आणि तो विषय कधी कुणापाशी काढला नाही.

पंधराव्या महिन्यात तिने सांगितलं की तिने लातूरला बदलीसाठी अर्ज केला आहे. आई तिथे एकटी असते, गुडघे गेलेत. यादीत नाव लागण्यासारखं होतं. त्या दिवशी क्लब सुटल्यावर ती माझ्या टेबलाजवळ थांबली.

"अर्ज मागं घ्यायला या महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत मुदत हाय."

"बरं."

"आईला हिकडं आणता येतंय. इचारलं तर येती ती. म्हणजे, तसं काही कारण असंल तर."

मला सगळं समजलं होतं. मी माईकच्या वायरी गुंडाळत होतो. म्हणालो, "रविवारी येणार ना? चिठ्ठी लवकर टाका, गर्दी असते."

तिने पर्स खांद्याला लावली. "या रविवारी लातूरला चालले. डी.एड.च्या वर्गाचं स्नेहसंमेलन हाय. गाणार हाय मी तिथं." आणि जिना उतरून गेली.

तिथे जे व्हायचं तेच झालं, हे मला नंतर कळलं. स्नेहसंमेलनात दुसऱ्याच कुणाची मशीन होती. त्याने विचारलं, पट्टी कोणती? ती म्हणाली, मूळ. आवडतं गाणं होतं, पंचवीस वर्षांपूर्वीचे सोबती समोर बसलेले. अंतऱ्यात आवाज फाटला. तिने पुन्हा सुरू करायला लावलं, पुन्हा फाटला. मशीनवाल्याने सहज विचारलं, ताई, रोज कितीने खाली गाता?

त्या दिवशी दुपारी मला तिचा मेसेज आला. "ट्रॅक कितीने खाली असतो?"

मी लिहिलं, "उणे दोन."

"सगळे?"

मी फोल्डर उघडून मोजले आणि लिहिलं, "चौसष्टपैकी एकसष्ट. त्रेपन्न दोनने, आठ एकने. तीन मूळ पट्टीत."

त्यावर उत्तर आलं नाही. पुढचे दोन रविवार ती आली नाही. निळ्या पट्टीचा माईक मी दोन्ही वेळा टेबलावर काढून ठेवला. दुसऱ्या रविवारी चाचा म्हणाले, "सेठ, बस स्टँड मालूम है ना? लातूर की गाडी हर घंटे को है. शाळेला सुट्टी घेऊन माँ के पास बैठी है वो. फोन किया मैं."

"जाऊन काय बोलू?"

"चौदा महिने कुछ बोले नहीं, उसका ये नतीजा. अब कुछ बी बोलो."

महिना संपायला तेव्हा तीन दिवस होते. सोमवारी सकाळी क्लब बंदची पाटी लावून मी सव्वासातच्या एसटीत बसलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, सव्वातीन तास. पत्ता चाचांनी दिला होता. औसा रोडच्या बाजूला, गल्लीतलं तिसरं घर. तिच्या आईने दार उघडलं, मला वरून खाली पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "तुझे मशीनवाले आलेत गं."

ती बाहेर आली. मला बसा म्हणाली नाही, आईनेच खुर्ची दिली.

"पंचवीस वर्षांनी भेटलेली माणसं समोर होती," ती म्हणाली. "दोनदा तोंडावर पडले मी. मशीनवाला पोरगा मला शिकवाय लागला, ताई खालच्या पट्टीत घ्या म्हणून."

"चूक झाली."

"तुम्ही आकड्यांचे माणूस ना? खुर्च्या किती, मिनिटं किती, सगळं तोंडपाठ. आणि माझ्या गळ्याचा आकडा मलाच सांगितला न्हाई? मी काय दुसरीतली पोरगी हाय, नापासाला पास लिहायला?"

मी म्हणालो, "तुम्ही खूश झाला होता. नंतर सांगायचं धाडस झालं नाही."

"किती जणांना असं करता?"

"लिहून देतात त्या सगळ्यांना."

"न लिहिता?"

"एकालाच."

तिची आई आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. तेव्हा मला वाटलं, आता राहिलंय ते बोललं नाही तर एसटीने परत जाताना पस्तावायला सव्वातीन तास पुरणार नाहीत.

"बदलीचा अर्ज मागे घ्या," मी म्हणालो. "आईंना घेऊन नांदेडला या. माझ्या घरी जिना नाही, गुडघ्यांना त्रास होणार नाही."

"हा नियम हाय का विनंती?"

"विनंती."

ती पहिल्यांदा थोडी हसली. "मग चिठ्ठी टाका. नंबर येईल."

माझ्या शर्टाच्या खिशात चिठ्ठ्यांचं पुस्तक कायम असतं. मी एक फाडली. काय लिहावं हे कळेना. शेवटी एका युगुलगीताचं नाव लिहिलं, तिच्या नावापुढे माझं नाव लिहिलं, आणि पाचव्या नियमाप्रमाणे खाली पट्टी लिहिली: उणे दोन. तिने चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

"तुम्ही गाणार?"

"हो."

"उणे दोनमध्ये पुरुषाचा आवाज निघत न्हाई. चाचा मरतेत तिथं."

"माहीत आहे."

तिने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि आईला चहा टाक म्हणून हाक मारली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी दुपारच्या गाडीने परतलो. एकतीस तारखेला संध्याकाळी तिने अर्ज मागे घेतल्याच्या पावतीचा फोटो पाठवला. सोबत एकही शब्द नव्हता.

रविवारी ती आली. एकतीस खुर्च्या भरल्या होत्या. तिने माझी चिठ्ठी माझ्याच टेबलावर, बाकीच्यांच्या खाली ठेवली. आमचा नंबर नववा लागला. माईक हातात घेऊन ती म्हणाली, "हे गाणं उणे दोनमध्ये हाय. मूळ पट्टीत मला येत न्हाई. मागं मी जे मूळ पट्टीत म्हणाले होते ते खोटं होतं, मलाच माहीत नव्हतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझा भाग आला. मी एक स्वर खाली गेलो, मग आणखी खाली, आणि शेवटच्या ओळीला घशातून नुसती हवा निघाली. ती गाताना हसत होती, पण सूर सोडला नाही.

मी खाली बसताना चाचा म्हणाले, "कैसी है बावडी, सेठ?"

चार महिन्यांनी विहारात साधेपणाने आमचं लग्न झालं. दोन्ही आया पहिल्या रांगेत होत्या. क्लबातल्या पाटीवरचा पाचवा नियम आता तिच्या अक्षरात आहे. तिने त्यात एक ओळ वाढवली आहे: मालकांनीही लिहूनच द्यावं.