लाल रेघेच्या बाहेर

जुने फोटो पेटीत एकमेकांना चिकटून बसतात. एक सोडवायला जावं तर दुसरा सोबत निघतो. आमच्या किस्स्यांचंही तसंच आहे!

जालन्यातलं एक दैनिक बंद पडलं, तेव्हा त्याच्या फोटोंच्या अकरा पेट्या सरांनी घरी आणल्या. सर म्हणजे अंबडचे निवृत्त मुख्याध्यापक. जुने फोटो जमवणं हा त्यांचा छंद. मी त्यांच्याकडे नोंदी करते. तिसरे गफूरकाका, त्याच दैनिकाचे फोटोग्राफर. फोटो काढायचा आणि त्यातला छापायचा तेवढा भाग लाल पेन्सिलीनं चौकटीत घ्यायचा, दोन्ही कामं त्यांचीच.

पहिल्याच दिवशी मी एका फोटोवर बोट ठेवून विचारलं, "काका, हे कोण?"

काका केवढ्यानं ओरडले! "बाई, बोट! फोटोला कडेनं धरायचं, गरम भाकरीसारखं!"

तेव्हापासून मी घरी नवऱ्याचं आधार कार्डसुद्धा कडेनं धरते!

*

एका फोटोमागं लिहिलं होतं, 'बदनापूर स्टेशनवर पाहुण्यांचं स्वागत'. चौकटीत नुसता हार!

"पाहुणे कुठं आहेत?" सरांनी विचारलं.

काका म्हणाले, "डबा पुढं गेल्ता ना! सगळे हार घेऊन पळून राह्यले होते. सापडला तेवढा हार छापला!"

*

मग गावोगावची माणसं आपले फोटो शोधत यायला लागली. त्यांत धावड्याच्या सुभद्राबाई आल्या. वय साठीच्या पुढं.

"माझ्या मायचा एकबी फोटो न्हाई, बाई. दुष्काळात रस्त्याच्या कामावर फोटोवाला आल्ता, त्यानं काढला म्हणायची. तिचा चेहराच आठवंना झालाय आता. डाव्या कानाची पाळी तुटलेली, तेवढं ध्यानात हाय."

मी रजिस्टर काढलं. 'रस्त्याचं काम – मंत्री', 'रस्त्याचं काम – कलेक्टर'. माय कुठंच नाही.

"बरं, पुन्हा येते," म्हणाल्या. आणि खरंच आल्या, एसटी बदलत, चार वेळा! दर वेळी पिशवीत आमच्यासाठी शेंगा.

*

एकदा भोकरदनचे एक आजोबा बैलबाजाराचा फोटो पाहून खुर्चीतून उठलेच. "हा आमचा राजा! शिंगं बघा त्याची!"

इतक्या वर्षांनी बैल ओळखला!

"आणि कासरा धरलेला हा माणूस?" मी विचारलं. तो लाल रेघेच्या बाहेर होता.

"कोन की बुवा!"

त्यांची बायको वाकून म्हणाली, "अहो, तुम्हीच की!"

आम्ही हसून लोटपोट. काकांनी मात्र फोटो कडेनं उचलून लाल रेघ निरखली. म्हणाले, "बाई, नोंदी चुकल्या आपल्या. आपण फक्त चौकटीतली माणसं लिहून राह्यलो."

*

सगळ्या पेट्या पुन्हा उघडल्या. दुसऱ्या आठवड्यात 'रस्त्याचं काम – मंत्री' मध्येच ती दिसली. चौकटीत हार घातलेले मंत्री. लाल रेघ एका बाईच्या खांद्यावरून खाली गेलेली. रेघेबाहेर तिचा चेहरा, डोक्यावर मातीची पाटी, डाव्या कानाची पाळी तुटलेली.

सुभद्राबाईंना निरोप धाडला. त्यांनी फोटो हातात घेतला आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"माझ्या नातीपेक्षा ल्हान हाय की गं ही!"

मग पदराचं टोक जिभेला लावलं आणि खांद्यावरची लाल रेघ घासायला लागल्या. सगळी बोटं फोटोवर!

मी घाबरून काकांकडे पाहिलं. काका उठले, खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

"पदर नको, बहेन. यानं पुसा. जल्दी निघते."