इळीचा मोर

ये गं, इकडं ये. अशी एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून वाचू नकोस. बूड टेकव जरा. मागच्या दिवाळीला आलीस, आल्या आल्या खांद्यावरची पर्स माझ्या लोखंडाच्या मोराच्या मानेला अडकवलीस, पट्टा चर्रकन कापला गेला, आणि वर मलाच म्हणालीस, "आजी, स्वयंपाकघरात काय हे भंगार ठेवलंयस? फेकून दे ना." मी सांगायला तोंड उघडलं तर तुझी बस आली. तुम्हा सगळ्यांची कायम बसच आलेली असते. मंग काय करू, बसले वही घेऊन तुला पत्र लिहायला. शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढचं वाचायला मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर शिकले, त्यामुळं अक्षराला नावं ठेवायची न्हाईत.

तर ऐक. तुझ्या आजोबांचं तेव्हा राजूरला, भोकरदनच्या रस्त्यावर दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. नांगराचे फाळ शेवटायचे म्हणजे तापवून धारेला आणायचे, वखराची पास, ते खालचं पातं, नीट करायची, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव बसवायची, मोडलेल्या सायकली जोडायच्या. पुढं वेल्डिंगचं मशीन आलं, पण ते लाईट असली तर चालायचं, आणि लाईटचं आमच्याकडं पाहुण्यासारखं होतं, आली तर आली.

बहात्तरच्या दुष्काळात काम बसलं. शेतात काही न्हाई तर औत कशाला मोडेल? लोक उलट मोडकंतोडकं लोखंड आणून टाकायचे दुकानापुढं, राहू द्या म्हणायचे, बघू पुढच्या साली. आणि ह्यांचे हात काही स्वस्थ बसेनात. एक दिवस मी भाकरी घेऊन गेले तर दुकानापुढं एक कुत्रं बसलेलं. सायकलच्या चेनचं अंग, पेडलचे कान. मी म्हणलं, "हे काय करून राह्यले?"

"कुत्रं."

"ते दिसून राह्यलं. पण कशाला?"

ह्या कशालाचं उत्तर त्या माणसानं जन्मात दिलं न्हाई बघ.

मंग शेळी झाली, मंग म्हैस झाली, मंग माकड झालं. खरी जनावरं लोक काळजावर दगड ठेवून बाजाराला घेऊन चालले होते आणि आमच्या अंगणात लोखंडाचा गोठा भरून राह्यला होता. माझ्या सासूबाई, तुझी पणजी, सरळ बोलायच्या न्हाईत कधी. म्हणायच्या, "असू दे गं. ह्याच्या जनावराला कडबा लागत न्हाई, तेवढंच बरं." पण त्याच सासूबाईंनी त्या कुत्र्याला दोनदा "हाड हाड" करून चपला मारल्या होत्या. नजर कमी आल्ती त्यांची.

दुकानातल्या भंगाराचं करतात तोवर मी काही बोलले न्हाई. पण पाऊसपाणी बरं झालं, काम परत सुरू झालं, तरी ह्यांचं ते थांबेना. उलट दुकानातलं लोखंड गिऱ्हाइकांना लागायला लागलं तसा ह्यांचा मोर्चा घराकडं वळला. सांडशी दिसेना. दोन दिवसांनी बघते तर खेकड्याच्या नांग्या झालेल्या. झारा गेला, तो कासवाची पाठ झाला. मागच्या दाराची कडी एका मांजराचे कान झाली, आणि ते दार आम्ही वर्षभर सुतळीनं बांधत होतो. वर्षभर! घरात लोहार-मिस्त्री आणि दाराला सुतळी. शेजारणी येऊन त्या सुतळीकडं बघून हसायच्या. मी विचारलं की म्हणायचे, "बसवतो की उद्या." तो उद्या आला न्हाई, सुतळी सडली तेव्हा मी दुसरी बांधली.

आता इळीचं सांगते. तिच्यासाठीच एवढं लिहायला बसलेय.

माझ्या आईची इळी होती ती, तुम्ही विळी म्हणता ती. हसनाबादकडं माझं माहेर. आई गेली तेव्हा भावजयांनी लुगडी वाटून घेतली, भांडी घेतली, मला विचारलं काय पाहिजे, मी म्हणलं इळी द्या. हसल्या त्या. पण त्या इळीचा बाभळीचा पाट आईच्या टाचेनं झिजून झिजून तिथं खळगा पडला होता, वाटीसारखा. माझी टाच त्यात बराबर बसायची. मी भाजी चिरायला बसले की पाय कुठं ठेवावा हे बघावं लागायचं न्हाई. पातं घासून घासून अर्धं राह्यलेलं, चंद्रकोरीसारखं वाकडं. वर खोबरं खवायचे दाते, त्यातला एक आईनंच कधीतरी मोडलेला. आमच्याकडं नारळ वर्षातून दोनदा फुटतो, दाते काय कामाचे, पण होते.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पूजतात, तुला ठाऊक आहे. ह्यांच्या दुकानात तर मोठी पूजा. हातोडे, ऐरण, पकडी, छिन्न्या, सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदीकुंकू, झेंडूची फुलं. आणि घरातलं जे धारेचं असेल तेही बायका नेऊन ठेवायच्या, इळा, इळी, अडकित्ता. त्या दिवशी धारेला हात लावायचा न्हाई. भाजी चिरायची न्हाई, पिठलं करायचं आणि कांदा बुक्कीनं फोडायचा. तर त्या साली मी माझ्या हातानं, ह्या हातानं, आईची इळी नेऊन ऐरणीपाशी ठेवली. वर फूल ठेवलं. कुंकू लावलं. शहाणीच की मी!

ह्यांचा एक नेम होता. दसऱ्याच्या सकाळी नव्या कामाचा मुहूर्त करायचा तो पूजेतलंच लोखंड उचलून. हे मला ठाऊक होतं. पंधरा वर्षं बघत आल्ते. पण दरसाल ते एखादी जुनी छिन्नी घ्यायचे, तुटका हातोडा घ्यायचे. माझ्या डोक्यात आलंच न्हाई.

दसऱ्याला दुपारी मी म्हणलं, "इळी आणा घरी."

"आणतो."

दुसऱ्या दिवशी म्हणलं, इळी. म्हणे, "कुठं ठेवली बघतो." तिसऱ्या दिवशी, "सामानाखाली असंल." मी शेजारणीची मागून आणत होते रोज, आणि ती शेजारीण रोज देताना विचारत होती, "काय बाई, मिस्त्रीच्या घरात इळी न्हाई का?" आठ दिवस हे चाललं.

चतुर्थी आली. राजूरला चतुर्थीला गणपतीची गर्दी, रस्त्यावर पाय ठेवायला जागा न्हाई. मी भाकरी घेऊन दुकानावर गेले तर तिथं माणसं गोळा झालेली. मधे जालन्याचे एक शेठ उभे, बियाण्याचे व्यापारी, दर्शनाला आले होते. आणि त्यांच्यापुढं एक मोर. फाळाचं अंग, वाकडी मान, सायकलच्या स्पोकांचा पिसारा, स्पोकाच्या टोकाला चेनचे चकचकीत तुकडे डोळ्यांसारखे. खोटं कशाला बोलू, देखणा होता. मी पण बघत उभी राह्यले. मंग माझं लक्ष तुऱ्याकडं गेलं. तुऱ्याचा एक दाता मोडका.

खाली बघितलं. पाट. खळगा.

शेठ म्हणत होते, "मिस्त्री, पाडव्याला नव्या दुकानाचं उद्घाटन आहे माझ्या. हा दारात ठेवीन. सगळा जालना बघंल." आणि हे मान डोलवून राह्यले होते. एवढ्या वर्षांत ह्यांच्या एका जनावराला कुणी घरी नेतो म्हणलं नव्हतं, आणि आता जालन्याचा शेठ मागत होता. ह्यांचं तोंड असं झालं होतं, लग्नातसुद्धा मी तसं बघितलं न्हाई.

मी भाकरीचं फडकं आपटलं आणि घरी आले.

संध्याकाळी हे आल्यावर मी विचारलं, "माझ्या आईची मान कापून मोराला लावली का?"

"अगं, तूच आणून दिली न्हाई का पूजेत?"

"पूजेला दिली! तुम्हाला दिली न्हाई!"

"दसऱ्याला सगळं मांडलं होतं," हे म्हणाले, "आणि ती अशी मान वर करून माझ्याकडं बघून राह्यली. आणि धार मी जाऊ दिली न्हाई हां. पात्याला ओलं पोतं गुंडाळून खालीच वेल्डिंगचा टाका मारला. पाटाला तर हात पण लावला न्हाई."

जसा काही उपकार केला! मी म्हणलं, "काढून द्या."

हे म्हणाले, "न्हाई निघायची. पातं झिजून कागद झालंय. दुसऱ्यांदा आग सोसणार न्हाई ते. तडकंल."

दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी इळी आणली माझ्यापुढं. कोरा पाट, गुळगुळीत. टाच ठेवली की घसरायची. मी उचलून उतरंडीमागं ठेवली आणि सांगितलं, "आईची इळी घरात येईस्तोवर ह्या घरात चिरणं बंद." आणि बंद म्हणजे बिलकुल बंद. सकाळी पिठलं, संध्याकाळी वरण. वरण, पिठलं. ठेचा पाट्यावर होतो, त्याला इळी लागत न्हाई. हे दोन-तीन दिवसांनी मुद्दाम माझ्यापुढं लाल भोपळा आणून ठेवायचे. मी त्या भोपळ्याला तसाच धुऊन कोपऱ्यात ठेवायची. तीन भोपळे झाले.

सासूबाईंनी सहा दिवस काढले. सातव्या दिवशी ताट पुढं सरकवलं आणि लेकाला म्हणाल्या, "माझ्या तोंडाला पिठल्याची पुटं चढली रे. तुझा मोर नाचंल जालन्यात, अन् मी मरंन इथं भोपळ्याकडं बघत."

"आई, मी शब्द दिलाय शेठला."

"अन् हिला विचारून दिला का?"

त्यावर हे उठून गेले.

दिवाळीच्या दोन दिवस आधी शेठ जीप घेऊन मोर न्यायला येणार होते. मी सकाळपासून काय करावं, काय करावं करून राह्यले होते. रडावं तर ह्या माणसापुढं रडायचं माझ्या जिवावर येतं. जीपचा हॉर्न ऐकू आला आणि मी त्या तीन भोपळ्यांतला मोठा उचलला, डोक्यावर पदर घेतला, आणि सरळ दुकानावर.

मोर लिंबाखाली ठेवला होता, पुसूनबिसून. शेठ आणि त्यांचा ड्रायव्हर त्याला कुठून धरून उचलायचा बघत होते. मी म्हणलं, "थांबा शेठ, जरा काम आहे ह्याच्याशी." आणि मातीत बसले. टाच खळग्यात ठेवली. बसली, बराबर बसली. मोराची चोच माझ्याकडं, मानेची धार माझ्याकडं. मी भोपळा धरला दोन्ही हातांनी आणि घातला त्याच्या गळ्याला. खच्चकन दोन भाग. मंग चार. मंग फोडी.

शेठच्या धोतरावर एक बी उडाली.

"मिस्त्री," शेठ म्हणाले, "हे काय?"

हे खाली बघून म्हणाले, "इळी आहे. हिच्या आईची."

शेठ वाकले, जवळून बघितलं, बोट लावायला गेले आणि मागं घेतलं. "अहो, केवढी धार! दारात ठेवला असता न् एखाद्या गिऱ्हाइकाचं पोर गळ्यात पडलं असतं तर? पाडव्याच्या दिवशी?" मंग माझ्याकडं बघून म्हणाले, "भाभी, तुमचा भोपळा होऊ द्या सावकाश." आणि ह्यांना म्हणाले, "मला दुसरा करून द्या. बिनधारेचा."

ह्यांनी दोन दिवसांत दुसरा केला, जेवले पण न्हाईत नीट. मान नांगराच्या दांडीची केली. सरळसोट. शेठ खूश होऊन घेऊन गेले, जालन्यात त्याचं कौतुक पण झालं म्हणे. पण हे शेवटपर्यंत म्हणत राह्यले, "तो मोर न्हाई गं, तो बगळा. मोर एकच झाला माझ्या हातून, अन् तो तू कांद्याला लावला." मला तेव्हा राग यायचा. आता कधी कधी वाटतं, त्या दिवशी लिंबाखाली मी ह्यांच्याकडं वर मान करून बघितलंच न्हाई. भोपळ्याकडंच बघत होते.

ते असो. मोर घरी आला. इळी सुटी होईना तेव्हा मोरासकट आली, दुसरं काय! तेव्हापासून पिसारा स्वयंपाकघराच्या वाटेत. सासूबाईंची दोन लुगडी त्यानं फाडली, तुझ्या आईचा फ्रॉक फाडला, जाणाऱ्या-येणाऱ्याचं कापड धरून ठेवतो मेला. धार मात्र हे स्वतः लावायचे, दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, मला न सांगता. आता लावायला कुणी न्हाई, मीच पायरीच्या दगडावर घासते, मोर आडवा पाडून, पिसारा आभाळाकडं करून. शेजारचे हसतात. हसू दे.

म्हणून तुझ्या पर्सचा पट्टा कापला गेला. कळलं का? त्याच्या मानेला काही अडकवायचं नसतं.

आता गुडघे माझे वाकत न्हाईत. खाली बसले की उठवायला कुणीतरी लागतं, म्हणून दोन महिन्यांपासून ओट्यावर चाकूनं चिरते, आणि चाकूनं चिरलेली भाजी मला खाववत न्हाई. तुझी टाच मी मागच्या वेळी बघितली, चपला काढून बसली होतीस तेव्हा. माझ्यासारखीच रुंद आहे. तेव्हा ये लौकर. सकाळच्या गाडीनं ये, परतीची बस मनात ठेवून येऊ नकोस, आणि येताना राजूरच्या बाजारातून एक लाल भोपळा घेऊन ये, मोठा.