आग्रह करणारा हात

२०१२ साली मी सत्तर वर्षांचा होतो, आणि सगळ्या जबलपुरात माझ्या व्याह्यांइतका अस्वस्थ माणूस मला तोवर भेटला नव्हता. पुढंही नाही भेटला. मी चौथी शिकलेला, सराफ्यात दागिने घडवत जन्म काढला. एकदा मांडी घातली की दिवेलागणीलाच उठणार. व्याही कारखान्यातून निवृत्त झालेले, पण दोन घासांच्या मध्ये उठून स्क्रू पिळायचा पेचकस शोधायचे. कांचघर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात एक वस्तू गुमान पडून नव्हती. पायपुसण्यावर पाय ठेवला की पंखा फिरे. आरशासमोर उभं राहिलं की दिवा लागे, आणि फार वेळ नटत बसलं की तो आपला आपण विझे. "माणसानं यंत्राकडं पाहावं अन् यंत्रानं माणसाकडं, यालाच कला म्हणतात भैया!" असं ते दूधवाल्यालाही ऐकवत. माझी मुलगी त्यांची सून. ती बिचारी घरात पाय जपून टाकायची.

त्या घरी मी माझं पाणी बाटलीत घेऊन जायचो. मुलीच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमची रीत. लोकांनी सोडली, मी नाही. व्याहीणबाई होत्या तोवर दरवेळी ताट मांडायच्या, आणि मी दरवेळी त्यावर दोन्ही हात आडवे धरायचो.

त्या गेल्या, आणि पुढच्याच गणपतीत व्याह्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये नवी कलाकृती मांडली. एक पाट, एक ताट, आणि बर्फी धरलेला पत्र्याचा हात. पाटावर बसलं की तो हात पुढं यायचा आणि व्याह्यांच्याच आवाजात म्हणायचा, "घ्या ना, एक घ्या!" ताटावर हात धरला की मागं. आता आपला माणूस पहिल्यांदा विचारल्यावर घेतो थोडीच! जो बसला त्यानं हसून हात आडवा केला, आणि पत्र्याचा हात मुकाट मागं गेला. माणसं आशेनं बसूनच राहिली. एक बाई तर चिडल्या, "अहो, हा पुन्हा विचारतच नाही की!"

व्याही यंत्राभोवती गरगर फिरत होते. मी म्हटलं, "काहून घाम गाळून राहिले? खोटं 'नको' पत्र्याला काय समजते?"

"तेच शिकवून राहिलो त्याला. पण ताडून पाहायला एक खरं 'नको' पाहिजे. चलो, बसा तुम्ही. तुमच्याइतका पक्का माणूस दुसरा नाही."

मी ऐटीत बसलो. हात आला, मी दोन्ही हात धरले, तो गेला. "पाहा! व्याहीणबाईही माझ्यापुढं हरल्या."

व्याही हसले नाहीत. एका जागी उभे राहिले, हे मी प्रथमच पाहिलं. "तुमचं 'नको' खरं असते, व्याही. माझं खोटं. ती दुसऱ्यांदा विचारायची. सूनबाई गुणाची आहे, एकदा विचारते अन् ताट उचलते. आता या वयात मागून कसं खाऊ?"

मी त्यांच्या मनगटाकडं पाहिलं. बांगड्यांची मापं घेण्यात हयात गेली माझी. ते मनगट चांगलंच उतरलं होतं. आणि मुलगी तर माझ्या हाताखाली वाढलेली. आमच्या घरी नको म्हटलं की विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली घरीच ठेवून मी कांचघरला गेलो. मुलीनं पोहे केले होते. व्याह्यांनी ताटलीवर हात धरला. मी म्हटलं, "घ्या हो."

"नको, नको."

"अहो, घ्या म्हणतो ना!"

"मग आधी तुम्ही," ते म्हणाले.

मुलगी झारा हातात धरून माझ्याकडं पाहत राहिली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि म्हटलं, "वाढ, बाई."