टाकीची दुपार

आमच्या लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दुपारी दुकान उघडं ठेवणारा माणूस घरी जेवतो कधी?" लोक हसले. ते वाक्य मी विसरलो नाही. लग्न झालं तरी त्यांनी मला कधी जावई म्हटलं नाही. मी त्यांच्यासाठी दुकानदारच राहिलो.

दुपारच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. मी नगर रस्त्याच्या बाजूने पुण्यात आलो आणि सायकलवर ट्यूबलाइटचे चोक आणि स्टार्टर विकू लागलो. पुढे कोथरूडला विजेच्या सामानाचं दुकान टाकलं. एक ते चार सगळा रस्ता शटर ओढून झोपायचा. मी झोपलो नाही. ज्याच्या घरी भर दुपारी फ्यूज उडाला, तो जाणार कुठे? माझ्याकडेच. माझा धंदा त्या तीन तासांवर उभा राहिला. नंतर हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, त्यांच्या ऑफिसांना मी दिवे पुरवू लागलो. तिथे दिवस-रात्र काम चाले, दिवा विझवायचा प्रश्नच नव्हता. असं गिऱ्हाईक मला मानवलं.

सासऱ्यांची इमारत सदाशिव पेठेत होती. ती पाडून नवी बांधायचं ठरलं. तोवर त्यांनी आमच्याकडे राहावं, असं बायकोचं म्हणणं. सासूबाई गेल्यापासून ते एकटे होते, बाथरूममध्ये एकदा पडले होते, आणि डॉक्टरांनी एकटं ठेवू नका म्हणून बजावलं होतं. ते आले, पण एका अटीवर: माशांची टाकी बरोबर येईल.

टाकीत मासे थोडे आणि झाडं जास्त. लांब पट्टीसारख्या पानांची एक जात, तपकिरी झाक असलेली दुसरी, आणि दगडाला बांधलेलं एक नेचं. तळाशी माती, वर जाड वाळू. झाडांना पुरवायची गॅसची नळी नाही, औषधं नाहीत. वर्षानुवर्षं त्यांनी ती झाडं पूर्वेच्या खिडकीशी वाढवली होती. आमच्या हॉलच्या खिडकीसमोर शेजारची इमारत आहे, तिथे दिवसाही अंधार. गॅलरीत टाकी ठेवली तर संध्याकाळच्या उन्हाने पाणी तापणार. म्हणजे उजेड विकत घेणं आलं.

"इथे ही जगायची नाहीत," सासरे म्हणाले. "झाडं गेली तर मी कर्वेनगरला खोली बघीन. रिकाम्या टाकीसमोर नुसतं लटकून राहायला मी काही दुकानाची पाटी नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. दिवे हा माझा धंदा. माझ्याच घरात टाकीतली झाडं अंधारात मेली असती, तर पेठेतल्या नातेवाइकांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला असता.

आधी मी माशांच्या दुकानात गेलो. टाकीवर बसणारं दिव्यासकट झाकण हवं होतं. दुकानदाराने गुलाबी ट्यूब लावून दाखवली.

"बघा साहेब, मासे कसे लालबुंद दिसतात!"

"मासे लाल दिसून झाडांना काय मिळणार? चोक दाखवा."

"चोक कशाला? इम्पोर्टेड माल आहे."

"उघडा तरी." त्याने नाइलाजाने पत्रा उचलला. "हा भोसरीचा. माझ्या दुकानात खोकंभर पडलेत. इम्पोर्टेड म्हणजे नदीपलीकडून आला, एवढंच ना?"

"साहेब, घ्यायचं नसेल तर राहू द्या."

"घ्यायचंय. ट्यूब काढून घ्या, चोक काढून घ्या, नुसतं झाकण द्या. आणि ती वाळूची पिशवी वरती द्या."

"वाळू कशाबद्दल?"

"इम्पोर्टेड म्हणालात, त्याबद्दल."

झाकण आणि वाळू घेऊनच मी बाहेर पडलो.

पिवळा बल्ब मी सगळ्यात आधी बाद केला. तो तापतो आणि पाणी चहासारखं दाखवतो. माझ्याकडे एका ऑफिसच्या कामातून उरलेल्या बारीक पांढऱ्या ट्यूब होत्या, दुपारच्या उजेडासारख्या रंगाच्या. टेबलांवरचा उजेड मोजायचं यंत्रही होतं. ऑफिसच्या आर्किटेक्टला प्रत्येक टेबलावर सारखा उजेड लागे, तो कमी पडला तर बिल अडवायचा. मी तेच यंत्र टाकीच्या काचेवर धरलं आणि आकडा ऑफिसएवढा येईपर्यंत झाकणात ट्यूब वाढवत गेलो. गुरुवारी वीज जाते म्हणून टाकी इन्व्हर्टरवर घेतली. सकाळी दुकानात जाताना दिवे लावायचे, ते झोपायच्या वेळेपर्यंत.

"हे काय, लग्नाचा हॉल?" सासरे म्हणाले.

"अप्पा, झाडांना उजेड लागतो."

"लागतो. वरातीतला लागतो का, ते विचारतोय."

सुरुवातीला झाडं तरारली. मी आल्यागेल्याला टाकी दाखवत होतो. मग काचेवर हिरवी साय धरू लागली. पानांच्या कडांना केसांसारखं शेवाळ लोंबायला लागलं, नेचं तर त्यात गुरफटलंच. मी काच खरवडली, पाणी बदललं, शेवाळ खाणारे मासे आणले. चार दिवस बरं दिसे, पुन्हा तेच. लांब पट्ट्या तळाकडून पिवळ्या पडत गेल्या.

सासरे दुपारी दिवाणावर झोपत. दिवाण टाकीसमोरच होता. डोळ्यांवर उजेड येतो म्हणून ते बटण बंद करत. मी जेवायला आलो की लावत असे. एकदा मी आवाज चढवला. "झाडं मरताहेत आणि तुम्ही त्यांचं अन्न तोडताय!"

"अहो दुकानदार, दुपारी पोटभर जेवलेला माणूसही आडवा होतो."

मी चिडून बटणाची जागाच बदलली. वर, माळ्याशी, त्यांचा हात पोचणार नाही अशी.

त्यांनी वाद घातला नाही. पण बायको दुकानात आली. ती दुकानात सहसा येत नसे. "अप्पांनी बॅग काढलीय," ती म्हणाली. "कर्वेनगरची खोली बघून आलेत. दुसरा मजला, लिफ्ट नाही. अहो, ते तिथे पुन्हा पडले तर आपल्याला कळेल तरी का? तुम्ही त्या टाकीचं काहीतरी करा, नाहीतर त्यांची माफी मागा."

माफी मागायचा प्रश्न नव्हता. मी टाकीचं केलं. झाकणातल्या निम्म्या ट्यूब काढल्या, झाकण थोडं उंच केलं. जिवावर आलं, कारण जास्त उजेड फुकट मिळत असताना कमी घ्यायचा, हे माझ्या स्वभावात नाही. सासऱ्यांना सांगितलं, "महिनाभर थांबा. मग जा."

"थांबतो. भाडं तिथे पुढच्या महिन्यापासूनच आहे."

महिन्यात काच स्वच्छ राहू लागली. शेवाळ पांढरं पडून सुटायला लागलं. पट्ट्यांच्या मधून ताजी हिरवी पानं वर आली, आणि वाळूतून एक धुमारा सरपटत जाऊन त्याला नवं रोप फुटलं. मी जेवताना बायकोला म्हणालो, "बघितलंस? ट्यूबचा हिशेब बसला."

ती भात वाढत होती. "ट्यूबचा? अप्पा रोज दुपारी टाकीवर चादर टाकतात. जुनी, जाड सोलापुरी. तुम्ही जेवून गेलात की टाकतात, उठले की काढतात."

मी हात धुवून सरळ दुकानात गेलो. राग आला होता, पण नेमका कशाचा ते कळत नव्हतं. दुपारभर दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून विचार करत बसलो. झाडांना उजेडाबरोबर पाण्यातली हवाही लागते, कार्बन डायऑक्साइड. आमच्या टाकीला गॅसची नळी नाही. रात्रभरात पाण्यात जेवढी साठते तेवढीच, आणि ती झाडं दुपारपर्यंत खाऊन संपवतात. माल संपल्यावरही दिवे लावून दुकान उघडं ठेवलं, तर आत गिऱ्हाईक येत नाही, फुकटे येऊन बसतात. शेवाळ म्हणजे ते फुकटे. दुपारी अंधार केला की माल पुन्हा भरतो आणि संध्याकाळी झाडं कामाला लागतात.

हे सासऱ्यांना ठाऊक होतं असं मला वाटत नाही. त्यांना फक्त झोपायचं होतं.

मी एक टायमर घरी आणला. दिवे सकाळी लागणार, एकला विझणार, चारला पुन्हा लागणार. टायमर बसवताना सासरे दिवाणावरून बघत होते. मग त्यांनी चादर घडी घालून बायकोकडे दिली, धुवायला.

त्यांची नवी इमारत उभी राहिली. लिफ्ट, मोठ्या खिडक्या, बिल्डरने किल्ल्या दिल्या. बायकोने उसनं हसू आणून त्यांची पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. सासरे टाकीसमोर उभे होते. वाळू दिसत नव्हती इतकी झाडं दाटली होती.

"खोकी राहू दे," ते म्हणाले. "झाडांना जागा बदलली की त्रास होतो. आत्ता कुठे रुळलीत."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. पेठेतला फ्लॅट भाड्याने गेला.

मी अजूनही दुपारी दुकान उघडं ठेवतो. त्याआधी साडेबाराला घरी जेवायला जातो. ताट पुसून उठतो तेव्हा टाकीतला दिवा टक् करून विझतो आणि सासरे कुशीवर वळतात.

"दुकानदार," ते डोळे मिटूनच म्हणतात, "जाताना दार हळू लावा."

दर वेळी डोकं फिरतं. दार हळूच लावतो.