न विचारता घेतलेली लाइफ

“ते बटण काढून टाका,” नचिकेत म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

पौर्णिमा नुकतीच जिना उतरून गेली होती. हातातला मोबाइल तिने टेबलावर पालथा ठेवला होता, “दुकानात गिऱ्हाईक आलं असंल,” एवढंच म्हणाली होती. तिचा दीर गणेश आतल्या खोलीतून बाहेर आला, त्याच्या हातात दुसरा मोबाइल. “काय झालं? वैनी कुटं गेल्या?” त्याने विचारलं. मी जिन्याकडे बोट दाखवलं.

मी गेम डिझायनर आहे. लोकांना वाटतं मी चित्रं काढते. चित्रं आम्ही बाहेरून करून घेतो आणि कोड शिवानंद लिहितो. मी फक्त नियम ठरवते. उडी किती लांब जाईल, कुठे पडलं की माणूस मरेल, मेल्यावर पुढे काय. सोलापुरात राहून हे काम करते म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग पोराचा मोबाइल कसा सोडवावा ते विचारतो.

आमच्या गेमचं नाव ‘भोंगा’. बंद पडलेली कापडाची गिरणी, फिरणारे पट्टे, तुटके जिने, दोघांनी मिळूनच फिरवायची चाकं. दोन खेळाडूंनी मिळून वर चढायचं आणि शेवटी गिरणीचा भोंगा वाजवायचा. पुण्याची एक कंपनी तो बाजारात आणणार होती. अशा कंपनीला पब्लिशर म्हणतात, आणि नचिकेत त्यांच्यातर्फे काम बघायला येत. प्रत्येक टप्पा त्यांना पसंत पडला तरच पुढचं काम. हा टप्पा नापसंत झाला असता तर आमचा दोन खोल्यांचा स्टुडिओ बंद झाला असता. शिवानंदला बेंगळुरूची नोकरी धरावी लागली असती. तो इथून जवळच्या मैंदर्गीचा, आईवडील थकलेले, दर रविवारी घरी जाणारा. त्याला कुठेही जायचं नव्हतं.

आता त्या बटणाबद्दल. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे गेम असत. दोघांना ठरावीक लाइफ मिळायच्या, म्हणजे तेवढ्या वेळा मेलं तरी चालायचं. त्यातल्या काही गेममध्ये एक गंमत होती. तुमच्या लाइफ संपल्या की बटण दाबून दुसऱ्याची एक उचलता यायची. परवानगी वगैरे काही नाही. माझ्या चुलतभावाने माझ्या किती लाइफ खाल्ल्या असतील याचा हिशेब नाही. पुढे ऑनलाइन खेळणं आलं आणि ही गंमत कुठे गेली कुणाला कळलंही नाही. मी ती परत आणायची ठरवली. शिवाय माझी स्वतःची भर घातली. आमच्या गेममध्ये दुसऱ्याची शेवटची लाइफसुद्धा घेता येते. ती गेली की तो माणूस त्या डावातून बाद.

गणेशने नेमकं तेच केलं होतं.

हा गेम ऑनलाइन व्हायचा होता, म्हणून नचिकेतनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं होतं. याला प्लेटेस्ट म्हणतात. बाहेरच्या माणसांना खेळायला द्यायचं आणि बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मदत नाही, हुं नाही की चूं नाही. पौर्णिमा आमच्या खाली शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकते, गणेश रिक्षा चालवतो. दोघं हौसेने आली होती. पौर्णिमा छान वर चढत होती. भोंग्याच्या जवळ पोचली आणि पडद्यावरून नाहीशी झाली. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

“ती चिडली नाही, दुखावली,” नचिकेत म्हणाले. “चिडलेला माणूस परत खेळतो. दुखावलेला गेम काढून टाकतो. बटण काढा, नाहीतर परवानगी मागणारी चौकट टाका.”

“चौकटीने खेळ मरेल,” मी म्हणाले.

“वैशाली, परवा सकाळी मी येतोय. असंच असेल तर मग आपण इथेच थांबू.”

ते गेल्यावर शिवानंदने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“ताई, काढू या की.”

“शिवा, त्या बटणाशिवाय हा गेम म्हणजे आणखी एक उड्या मारायचा गेम. तसले ढिगाने पडलेत.”

“पण आपण खेळतो तवा तर मजा येती. ह्यांनाच का न्हाय आली?”

“तेच कळत नाहीये.”

“कळत न्हाय तर हट्ट कशाला?” त्याचा आवाज चढला. “बटण गेलं तर गेम जातो म्हणता. बटण राहिलं तर आपण जातो, त्याचं काय? तुमाला पुण्यात कुनीबी घेईल. माझं घर हितं हाय.”

मीही काहीतरी लागेल असं बोलले. काय ते इथे लिहीत नाही. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी तो चौकट टाकलेली आवृत्ती तयार करून आला आणि त्याने माझ्यापुढे मोबाइल सरकवला. शब्द नाही. मीही बोलले नाही. दोघांची तोंडं दोन दिशांना, पण तपासणी तर करायलाच हवी होती. आम्ही खेळायला लागलो. ऐन उडीत माझ्यासमोर चौकट आली, ‘जोडीदाराला एक लाइफ हवी आहे. द्यायची का?’ ती वाचेपर्यंत मी खाली पडून मेले. पुन्हा तेच. बँकेच्या खिडकीवर उभं राहून कबड्डी खेळल्यासारखं वाटलं.

मग त्याने तुलना करायला जुनी आवृत्ती लावली. तीसुद्धा गप्प बसून खेळलो. मी पुढे होते, तो मागे. त्याच्या लाइफ संपल्या. आणि माझी शेवटची लाइफ गेली.

मला इतका संताप आला की मोबाइल भिंतीवर मारावासा वाटला. काय समजतो हा स्वतःला? विचारायची पद्धत असते की नाही? मी त्याच्याकडे वळले, तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

इतके महिने आम्ही हा गेम रोज खेळत होतो. त्याने माझ्या शेवटच्या लाइफ कितीदा उचलल्या असतील. राग एकदाही आला नव्हता. कारण दर वेळी तो आधी ओरडायचा, “ताई, एक द्या की, एकच द्या!” मी म्हणायची, “हात लावून बघ!” तो हात लावायचा, मी त्याला उशी फेकून मारायची. गप्प बसून आम्ही हा गेम त्याआधी कधी खेळलोच नव्हतो.

“शिवा,” मी म्हणाले, “अर्धा नियम कोडमध्ये नाहीये. आपल्या तोंडात आहे.”

त्याने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, “मग चौकटीनं काय व्हणार? दोघांना एका जागी बसवायला पायजे.”

जुन्या गेमना परवानगी लागत नव्हती, कारण ज्याची लाइफ घ्यायची तो गुडघ्याला गुडघा लावून बसलेला असायचा. बटण मी परत आणलं, आणि बसवलं मात्र दोघांना दोन खोल्यांत. आता बटण ठेवायचं तर ऑनलाइन काढायला हवं होतं. म्हणजे पब्लिशरने जे मागितलं त्याच्या बरोबर उलट. शिवानंदने सुस्कारा सोडला आणि गेम टीव्हीवर चालेल असा करायला घेतला.

मी खाली गेले. पौर्णिमा चटणीच्या पिशव्या बांधत होती.

“उद्या परत येशील?”

“भावजी असतील तर न्हाय.”

“ते असायलाच हवेत.”

तिने गाठ आवळली. “त्यांनी एका शब्दानं इचारलं न्हाय, ताई. खेळच हाय, कळतंय मला. पर लागलं.” पुढची पिशवी ओढत म्हणाली, “येते. तुमच्यासाठी येते.”

सकाळी नचिकेत आले. टीव्ही, त्यापुढे अंथरलेली चादर आणि दोन कंट्रोलर बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“बटण काढलंय ना?”

“नाही. ऑनलाइन काढलंय.”

“गंमत करताय का?”

“एकदा बघा. नंतर नाही म्हणा.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि हाताची घडी घातली.

दीर-भावजय चादरीवर बसली, पण मध्ये तिसरा माणूस मावेल एवढं अंतर सोडून. खेळ सुरू झाला. दोघांच्या तोंडून अक्षर नाही. फक्त बटणांची टकटक. माझी सगळी मदार गणेश मागेल यावर होती, आणि गणेश परवाच्या प्रकाराने इतका ओशाळला होता की मान वर करत नव्हता. त्याच्या लाइफ संपल्या. बटण त्याच्या अंगठ्याखाली होतं. त्याने अंगठा उचलून घेतला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

पौर्णिमा एकटी चढत राहिली. नचिकेतनी घड्याळ पाहिलं. शिवानंदचा पाय हलायला लागला. ‘माग रे बाबा,’ असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तोंड उघडलं असतं तर टेस्ट तिथेच बाद झाली असती. मी जीभ दाताखाली धरून बसले.

पौर्णिमाने तिचा माणूस एका पट्ट्यावर थांबवला. पट्टा त्याला मागे नेत होता, ती त्याला परत पुढे आणत होती.

“घ्या की,” ती टीव्हीकडे बघत म्हणाली.

“नको, वैनी. तुमीच जावा वर.”

“घ्या म्हंते न्हवं. ते मोठं चाक मला एकटीला न्हाय फिरायचं. लवकर, मी पडंन हितं.”

गणेशने कंट्रोलर उचलला आणि बटण दाबलं. त्याचा माणूस तिच्या शेजारी उभा राहिला. दोघांनी चाक फिरवलं. पुढच्या जिन्यावर तो म्हणाला, “वैनी, दमानं, तितं भोक हाय.” ती म्हणाली, “मला दिसतंय, तुमी आपलं बघा.” मग बोलणं थांबेना. मधलं अंतर कधी मिटलं ते मला दिसलं नाही. तिची लाइफ संपली, तर हा म्हणतो, “मागा, मग देतो.” “मागत न्हाय,” म्हणत तिने उचललीसुद्धा.

भोंगा समोर दिसायला लागला. पौर्णिमा पुन्हा पडली. गणेशकडे शेवटची लाइफ होती आणि भोंगा वाजवायच्या साखळीपर्यंत एक उडी.

“वैनी, न्हाय हं. वैनी, शेवटची हाय माझी. वैनी—”

तिने बटण दाबलं. गणेशचा माणूस नाहीसा झाला, तिचा उभा राहिला, उडी मारून साखळीला लटकला आणि भोंगा वाजला. शिवानंदने आवाज जरा जास्तच मोठा ठेवला होता.

“परवाचा फिटला,” पौर्णिमा म्हणाली. गणेश चादरीवर आडवा होऊन हसत होता. मलाही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच.

नचिकेत उभे राहिले. “ऑनलाइन नाही म्हणजे खेळणारे कमी.”

“हो.”

“कंपनीत मला फार बोलणी खावी लागतील.”

“खावी लागतील.”

ते आणखी काही विचारणार होते. वही उघडली होती, दोघं परत खेळतील का हा त्यांचा नेहमीचा शेवटचा प्रश्न. पण गणेशने उठून बसत डाव पुन्हा सुरू केला होता आणि पौर्णिमाने खालच्या गिऱ्हाइकाला जिन्यातूनच ओरडून थांबायला सांगितलं होतं. नचिकेतनी वही मिटली. टप्पा पास झाला. गेम लहान प्रमाणावर, फक्त टीव्हीसाठी निघाला. शिवानंद अजून रविवारी मैंदर्गीला जातो.

जुनी कल्पना परत आणायची तर ती कुठे बसत होती तेही बघावं लागतं. आम्ही बटण आणलं होतं, चादर विसरलो होतो. तेव्हापासून प्रत्येक नवा गेम आम्ही एकदा तरी भांडण झाल्यासारखे गप्प बसून तपासतो. शिवानंदला ते अजून जमत नाही.